पाण्याचा नंबर दुसरा

१४ मे १९८७, गुरुवार. डिचोली.

कॉम्प्युटर रूमच्या नोंदवहीतलं मंगळवारचं पान कोणीतरी फाडलं आहे. ते पान मी लिहिलं होतं. म्हणून आज बाजारातून ही वेगळी वही आणली. ही माझ्या खोलीवर राहील, ऑफिसात जाणार नाही.

फाडलेल्या पानावर एवढंच होतं: बांधावरच्या पाण्याची अकरा बेचाळीसची पातळी मशीनने बारा नऊला छापली. सत्तावीस मिनिटं उशीर. खाली माझी सही.

पुढेमागे ही वही परक्या माणसाने वाचली तर त्याला कळावं म्हणून थोडं सांगते. आमची खाण. खनिजाचे ट्रक तीन काट्यांवर वजन होऊन नदीवर बार्जकडे जातात. हलकं खनिज प्लांटमध्ये धुतात आणि त्याचं तांबडं पाणी गाळाच्या तळ्यात सोडतात. तळ्याला मातीचा बांध आहे. बांधाखाली वाड्यावर तेरा घरं.

पूर्वी बांधावरचा राखणदार सखाराम पाणी वाढलं की रुळाचा तुकडा ठोकायचा. पंच्याऐंशीच्या ऑक्टोबरात मशीन आलं आणि तो तुकडा स्टोअरमध्ये गेला. आता तळ्यातला तरंगा दर मिनिटाला पातळी वायरीने पाठवतो. पिवळी खूण सावध होण्याची. पाणी तिच्या वरच्या तांबड्या खुणेला लागलं की मशीन स्वतः वाड्यावरचा भोंगा वाजवतं.

मशीनला डोकं मात्र एकच. तीन काट्यांच्या पावत्या, पाणी, पगार, हेड ऑफिसचे तक्ते, सगळी कामं त्याच्यापुढे रांगेत उभी असतात. कोणाचा नंबर आधी, ते मी ठरवलेलं होतं: पाणी पहिलं. मार्चमध्ये मॅनेजर गोकुळदासबाब म्हणाले, ट्रक खोळंबतात, काटा पहिला घ्या. मी घेतला. पाण्याचा नंबर दुसरा.

खोलीच्या किल्ल्या तीन. एक माझी, एक गोकुळदासबाबांची, एक ऑपरेटर क्षमाची. मला क्षमाचा संशय आहे.

१५ मे

संशयाला कारण आहे. फेब्रुवारीत कोंकणीला राजभाषा करणारा कायदा झाला तेव्हापासून ती माझ्याशी कामापुरतं बोलते. वाड्यावर एक बोर्ड लावायचा होता: भोंगा थांबून थांबून वाजला तर तपासणी, सतत वाजला तर घर सोडून देवळाच्या उंच टेंबावर जा. तिने मजकूर कोंकणीत लिहून आणला. मी लाल पेनने मराठी करून परत दिला. ती म्हणाली, "बाय, वाड्यावरची माणसं बोलतात तसं लिहिलंय."

मी म्हटलं, "बोलतात ते बोलू देत. वाचायला शाळेत मराठीच शिकलीत."

"माझी सासू शाळेतच गेली नाही. तिला कुठलं वाचणार?"

"मग तुझं तरी कसं वाचणार?"

गोकुळदासबाबांनी दोन्ही कागद ठेवून घेतले. "भाषेचं तापलंय ते थंड होऊ दे, मग बोर्ड." पत्रा पांढरा रंगवून स्टोअरमध्ये उभा आहे. त्यावर अजून एक अक्षर नाही.

माझं म्हणणं चूक नव्हतं. मी एकसष्ट साली बेळगावहून गणित घेऊन बी.एस्सी. झाले, पेडण्यात अकरा वर्षं शाळेत शिकवलं. मराठीत आम्ही वाचायला शिकलो ते काय खोटं?

१८ मे, सोमवार

ट्रक मोजले. मार्चमध्ये तासाला साठ. आज एकशे तीस. पावसाआधी शेवटची बोट भरायची म्हणून महिनाअखेरपर्यंत असंच चालणार.

आणि एक गोष्ट आज पहिल्यांदा लक्षात आली. ट्रक वाढले म्हणजे प्लांटही दुप्पट धुतो. म्हणजे तळ्यात पाणीही दुप्पट. ज्या दिवशी मशीनला पाण्याकडे बघायला सवड नाही, नेमक्या त्याच दिवशी पाणी चढणार. दीड वर्षापूर्वी नंबर लावताना मी प्रत्येक काम वेगवेगळं मोजलं होतं. एकत्र मोजलं नव्हतं. गणितवालीने.

तरी एक आधार आहे. रोज दुपारी एकला मी भोंग्याची तपासणी करते. कळ दाबल्यापासून आठ सेकंदांत वाजतो. एकही दिवस चुकला नाही. आजही आठ.

क्षमा पावणेबाराला उठून गेली ती एक वाजून गेल्यावर आली. रोजचं आहे. घर जवळ, मूल लहान, मान्य. पण ड्युटी ती ड्युटी.

२० मे

बांधावर गेले. तळं भरत चाललंय. पाणी तांबडं, जड, हलत नाही. बघत राहिलं तर छातीवर ठेवल्यासारखं वाटतं.

सखाराम दोडामार्गकडचा. म्हणाला, "बाईनू, पाणी चडता हा. पिवळ्याच्या वर गेला."

"मशीन बघतं आहे."

"बघता, पण सांगता कधी? माझो तुकडो परत देवा."

"तुकड्याचा आवाज वाड्यावर पोचत नव्हता म्हणूनच भोंगा आणला ना?"

"पोचा नाय तर मी धावान जाय. आता म्हणतत, तू जागचो हलू नको, मशीन आसा." मग हसून म्हणाला, "क्षमाबाय रोज येतत. माझ्या वांगडा पेज खातत."

म्हणजे घरी जात नाही, इथे गप्पा मारत बसते. नोंद करून ठेवली.

२३ मे, शनिवार

आजच लिहून ठेवते.

आजपासून ट्रकांची जेवणाची सुट्टी बंद. एकला मी कळ दाबली. आठ सेकंद. वीस. एक मिनिट. वायर बघितली, परत दाबली. काटे चालूच, पावत्यांचा खडखडाट चालूच. भोंगा एक अडतीसला वाजला.

मग कळलं. दीड वर्ष मी तपासणी एकला करते, आणि एकला ट्रक जेवायला थांबतात. मशीन रिकामं असतं. रिकाम्या मशीनला विचारलं, तर ते आठ सेकंदांत उत्तर देणारच. काम करताना त्याला मी कधी विचारलंच नाही. वेळ मीच ठरवली होती, काट्यांना अडथळा नको म्हणून.

संध्याकाळी पदेराकडे पाव घेताना क्षमाची सासू चंद्रावती भेटली. हसत म्हणाली, "बाय, आयज तुमच्या भोंग्याक भूक लागूंक ना दिसता. आमचीं जेवणां पडून उरलीं." वाड्यावर सगळे भोंग्यावर जेवतात म्हणे. भोंगा झाला की ती बागेत जाऊन नवऱ्याला, गोपाळबाबांना, जेवायला हाक मारते.

मीही हसले. दोन उंडे पाव घ्यायचे ते सहा घेऊन आले.

२५ मे, सोमवार

गोकुळदासबाबांना लेखी दिलं: पाणी पुन्हा पहिलं करावं. त्यांनी कागद वाचून उलटा ठेवला.

"किती फरक पडेल काट्याला?"

"पावतीमागे पाऊण मिनिट."

"पाऊण मिनिट गुणिले एकशे तीस. हिशोब तुमचाच विषय. बोट एकतीसला सुटली पाहिजे. बाय, त्या दिवशीच्या सत्तावीस मिनिटांना घाबरलात होय? वायरीत काहीतरी असेल. भोंगा रोज वाजतो, सगळा वाडा साक्षीला आहे."

आकडा त्यांनी अचूक सांगितला. त्यांचं लक्ष असतं, हे मानलं पाहिजे.

मग खुर्ची पुढे ओढून म्हणाले, "एक जूनपासून पणजीला या. हेड ऑफिसचं सगळं कॉम्प्युटर खातं तुमच्याकडे. ऑर्डर टाइप झाली आहे, सही तेवढी राहिली. इथला चार्ज देऊन टाका."

पंधरा वर्षांत कोणी मला खुर्ची पुढे ओढून बोललं नव्हतं. मी कागद परत मागितला नाही.

२६ मे

जे माझ्या हातात होतं ते केलं. पगार आणि तक्ते रांगेतून काढले, शिफ्ट संपल्यावर चालवीन. आता तपासणी ट्रक चालू असताना, साडेदहाला. भोंगा नऊ मिनिटांत. वाड्यावरून टेंबावर चढायला मला सहा मिनिटं लागली, एखाद्या म्हातारीला दहा लागतील. नऊ आणि दहा एकोणीस. एकोणीस चालतील का? कोणाला विचारू?

वाड्यावरून तक्रार आली. साडेदहाला भोंगा कशाला, माणसं गोंधळतात. गोकुळदासबाबांनी फोन करून सांगितलं, वेळ पहिलीच ठेवा. ठेवली.

२७ मे

ट्रक तासाला दीडशेवर. भोंगा चौदा मिनिटांत.

क्षमाला मेमो दिला. गेल्या पंधरवड्यात रोज एका तासाहून अधिक वेळ जागेवर नाही. तिने वाचला, सही केली. म्हणाली, "बाय, मी कुठे जाते ते विचारलं असतं तर सांगितलं असतं."

"ड्युटीच्या वेळी कुठे जातेस ते मला विचारायला लागावं?"

तिने मेमोची घडी घालून डब्याखाली ठेवली.

२९ मे

झोप नाही. गणित सोपं आहे: पाणी पहिलं करायला मला एक ओळ टाइप करावी लागते. कोणाची परवानगी लागत नाही, परवलीचा शब्द माझाच आहे. तरी केलं नाही. इथे लिहिते, कारण इथे खोटं लिहून उपयोग नाही: ऑर्डरवर अजून सही झालेली नाही, आणि मला पणजी हवी आहे.

दोनच दिवस. एकतीसला बोट सुटेल, ट्रक थांबतील.

३० मे, शनिवार, सकाळी दहा

गोवा घटक राज्य झालं. बाजारात कमान आहे, फटाके. साहेब लोक सगळे पणजीला. ऑफिसला सुट्टी, खाणीला नाही. खोलीत मी आणि क्षमा. ट्रक तासाला एकशे सत्तर. पाण्याची शेवटची छापलेली पातळी पिवळी. कागद गरम लागतो हाताला.

३१ मे, रविवार. शाळेच्या व्हरांड्यात.

वाड्यावरचे सगळे इथेच आहेत. क्रमाने लिहिते.

बारा पस्तीसला क्षमा मोपेडवरून आली आणि दारातच ओरडली, "बाय, उदक तांबड्याक पावलें!"

मी कागद बघितला. शेवटची नोंद बारा चारची, पिवळी. म्हटलं, "मशीन पिवळं दाखवतं."

"मशीन कितें दाखयता तें सोड! हांवें दोळ्यांनी पळयलां. पंदरा मिनटांफाटीं लागलें. सखाराम थंय बोंबो मारता." तिच्या हातात वही होती. रोज बाराची पातळी, पट्टीवर बघून लिहिलेली. तेरा मेपासून एक दिवस सुटला नव्हता. मंगळवारचं पान फाडलं जाण्याआधी तिनेही ते वाचलं होतं. ती त्यासाठी जात होती.

मी तरी चार मिनिटं घालवली. फोन फिरवला. मॅनेजरचा वाजत राहिला. कोणाला विचारत होते, कोणास ठाऊक.

बारा एकोणचाळीसला ओळ टाइप केली: पाणी पहिलं. काही झालं नाही. माझा हुकूमसुद्धा रांगेत उभा राहिला, काट्यांच्या पावत्यांच्या मागे. पाच मिनिटं मी त्या पडद्याकडे बघत उभी होते. मग वाकले आणि मशीनच्या मागून काट्यांच्या तिन्ही वायरी हाताने उपटल्या. रांगेत उरलेल्या पावत्या संपायला आठ मिनिटं लागली. बारा बावन्नला भोंगा वाजला. या वेळी थांबवला नाही.

खोलीच्या जनेलातून, म्हणजे खिडकीतून, वाडा दिसतो. कोणी बाहेर येईना. एका दारात एक बाई आली, हात पुसत आत गेली. क्षमा माझ्याकडे वळली. तिचा चेहरा मला विसरता येणार नाही.

"बाय, एक वाजत आलाय. त्यांना जेवणाचा वाटतोय."

सतत वाजलेला भोंगा त्यांनी कधी ऐकलाच नव्हता. कशाचा कोणता आवाज, ते कुठे लिहिलेलंही नव्हतं.

काटे बंद पडले तसे ट्रक गेटपर्यंत तुंबले होते. हॉर्न आणि शिव्या. संदीप नावाचा सावंतवाडीचा ड्रायव्हर जनेलाशी येऊन भांडत होता, "ओ बाई, काटो कित्याक बंद केलात? माझी पाचवी खेप मारतलात काय?"

क्षमा जनेलातूनच म्हणाली, "खेप राहू दे. बांध फुटतोय. खाली माझं पोर आहे."

तो रांगेकडे तोंड करून ओरडला, "रिकामे ट्रक वळवा रे! वाड्यार चला!" क्षमा त्याच्या शेजारी चढली. चार ट्रक हॉर्नवर हात ठेवून खाली गेले. मी मशीनपाशी राहिले. भोंगा चालू ठेवायला कोणी लागत नाही. तरी राहिले.

एक अठराला बांधाचा उत्तरेचा कोपरा गेला. आवाज फार झाला नाही. पोतं फाटल्यासारखा.

तेराही घरं रिकामी झाली होती. ड्रायव्हरांनी माणसं उचलून हौद्यात टाकली, म्हशी सोडल्या. क्षमाचं मूल शेजारणीच्या काखेत सापडलं. गोपाळबाब सखारामची बोंब ऐकून बागेतून वरच्या वाटेने टेंबावर पोचले होते.

चंद्रावती घरी नव्हती. भोंगा झाला म्हणून ती खालच्या वाटेने त्यांना जेवायला बोलवायला बागेत उतरली होती.

आज सकाळी सापडली.

२ जून, मंगळवार

गोकुळदासबाब शाळेत आले. कंपनीकडून तांदूळ, चादरी, पत्रे. मला बाजूला घेतलं.

"चौकशी लागली आहे. घाबरू नका. पाणी तांबड्याला लागलं आणि भोंगा झाला यात चार मिनिटं, असं लिहा. एवढ्या माणसांचा जीव मशीनमुळे वाचला, हे खरंच आहे. छापलेला रोल माझ्याकडे द्या, मी व्यवस्थित लावून देतो."

"रोलवर तांबड्याची वेळ बारा एकोणीस आहे. भोंगा बारा बावन्न. तेहतीस मिनिटं."

"रोल ओला झाला असेल."

"नाही. कोरडा आहे."

त्यांनी खिशातून पणजीची ऑर्डर काढली. सही झालेली होती. "काटा पहिला करा, असं मी कुठे लिहून दिलं होतं का, बाय? बदलाच्या नोंदीवर सही कोणाची आहे, तुम्हीच बघा."

बघायची गरज नव्हती. हुकूम तोंडी होता. सही माझी आहे. नोंदवहीतलं पान कोणी फाडलं, ते त्यांच्या खिशात परत जाणाऱ्या हाताकडे बघताना मला समजलं: सत्तावीसचा आकडा त्यांनी त्या पानावरच वाचला होता. मी एकोणीस दिवस दुसऱ्याच माणसाला चोर समजत होते.

ऑर्डर घेतली नाही. घाबरले मात्र होते, अजून आहे. अठ्ठेचाळीस वय, पेडण्याला भावाच्या घरात एक खोली. पोलिसात कोण बोलावेल, काय विचारतील, माहीत नाही.

४ जून

क्षमाशी बोलायला गेले. त्यांचं सुतक, ती कोपऱ्यात बसली होती. मी म्हटलं, "मेमो मी मागे घेतला आहे." किती मूर्खासारखं वाक्य.

ती म्हणाली, "बाय, सासू तुमच्या भोंग्याला 'आमची घड्याळबाय' म्हणायची."

मग तिनेच विचारलं, "कंपनीच्या दुसऱ्या खाणीवरचं मशीन पण असंच लावलंय ना? नंबर?"

मी हो म्हटलं. तेही मीच लावलं आहे. त्या बांधाखाली एकतीस घरं आहेत, आणि चार दिवसांत पाऊस.

५ जून १९८७, शुक्रवार

चौकशी अधिकारी शाळेत अकराला आले. कागद चाळून म्हणाले, "बाई, सगळीकडे तुमचीच सही आहे. वकिलाला दाखवलंत का?"

"मोजून घ्या आणि पावती द्या," मी म्हटलं. "आणि दुसऱ्या खाणीवरचे नंबर आज बदलायचे आहेत. हुकूम तुम्ही लेखी द्या. तोंडी मी घेणार नाही."

त्यांनी उभ्याउभ्या लिहून दिला. मग पावती केली. साक्षीदाराची जागा रिकामी होती. कंपनीचे दोघे भिंतीला टेकून उभे होते, कोणी पुढे झालं नाही. क्षमा कोपऱ्यातून उठली. सुतकात कशाला, असं काही बायका म्हणाल्या. तिने पेन मागितलं.

पावतीची नक्कल:

आज रोजी पुढील वस्तू ताब्यात दिल्या व घेतल्या.

छापील रोल एक, दिनांक ३० मे, अखंड, कोरडा.

नंबर बदलल्याची मार्चची नोंद, सही प्रभावती परब.

पाणी पहिलं करण्याबद्दलचा २५ मेचा अर्ज, कार्बन प्रत. यावर उत्तर नाही.

ऑपरेटर क्षमा हिची बांधावरच्या पातळ्यांची वही, १३ ते ३० मे.

भोंग्याच्या तपासणीचं रजिस्टर. नोंदी चारशे चौऱ्याऐंशी, अक्षर प्रभावती परब. शेरा, देणारीच्या सांगण्यावरून: २२ मेपर्यंत वाजला तेव्हा मशीन रिकामं होतं.

बोर्डासाठीचे मजकूर दोन, एक कोंकणी, एक मराठी. दोन्ही न लावलेले.

कॉम्प्युटर रूमची किल्ली एक.

ही वही, आजच्या तारखेपर्यंत.

देणार: प्रभावती परब. घेणार: चौकशी अधिकारी, सही व शिक्का.

साक्षीदार: क्षमा, चंद्रावतीची सून.